सहा टिंबांचा हट्ट

लुई ब्रेल म्हटलं की आपल्याला शाळेतला धडा आठवतो. खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा, खेळताना डोळ्यात आरी गेली, अंध झाला, मोठेपणी अंधांसाठी लिपी शोधली. ४ जानेवारीला फळ्यावर त्याचं नाव लिहितात, दोन भाषणं होतात, संपलं. मला वाटतं, धडा जिथं संपतो तिथून पुढंच हे चरित्र वाचण्यासारखं आहे. लिपी तयार झाली १८२४ साली, तेव्हा तो १५ वर्षांचा होता. फ्रान्सने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली, तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. मधली ३० वर्षं काय चाललं होतं? चांगली चाललेली, मुलांना हवी असलेली गोष्ट सरकारी संस्थेला इतकी वर्षं दिसली कशी नाही? परीक्षांच्या दिवसांत मी अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून बसते, त्यामुळं हा प्रश्न मला फार लांबचा वाटत नाही.

पॅरिसच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचं खेडं आहे. तिथं ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. चार भावंडांतला हा शेंडेफळ. वडील सिमोन-रने घोड्यांची खोगिरं आणि चामड्याचा साज करायचे. निपाणी-अथणीकडं चप्पल शिवणाऱ्या घरात कातडं, सुरी, आरी, हातोडी जशी पसरलेली असते, तसंच ते घर डोळ्यासमोर आणा. तीन वर्षांचा लुई वडिलांचं बघून कातड्याला भोक पाडायला गेला आणि हत्यार निसटून डोळ्यात घुसलं. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

त्या काळी अंध मुलाचं पुढं काय व्हायचं हे सांगायला नको. भीक, नाहीतर घरातला कोपरा. या घराने तसं केलं नाही. बापाने काठ्या करून दिल्या, पोराला गावातून हिंडायला लावलं, लाकडावर खिळे ठोकून त्यातून अक्षरांचे आकार शिकवले असं सांगतात. गावात नवे आलेले धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवायला घेतलं. मग त्यांनी शाळामास्तर बेशेरे यांना गळ घातली आणि लुई गावच्या साध्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसू लागला. सर्वसमावेशक शिक्षण वगैरे शब्द जन्मालाही आले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. पोरगा ऐकून ऐकून वर्गात पुढं गेला. पण वाचायची आणि लिहायची वेळ आली की हात रिकामे. गावातल्या जमीनदाराने शब्द टाकला आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, लुई पॅरिसच्या राजकीय अंध युवक संस्थेत दाखल झाला.

ही संस्था व्हॅलेंतिन अयुई यांनी १७८० च्या दशकात काढली होती. अंधांना शिकवता येतं हे दाखवणारी जगातली ही पहिली शाळा. लुई गेला तेव्हा मात्र ती एका जुनाट, ओल धरलेल्या इमारतीत होती. क्रांतीच्या काळात तिचा तुरुंग केलेला होता. शिस्त कडक. चुकलं तर पाव-पाण्यावर ठेवायचे, कोंडून ठेवायचे. पण संगीत होतं, हातकाम होतं आणि पुस्तकं होती. थोडीच, पण होती.

या पुस्तकांवर जरा थांबायला हवं, कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे. अयुई यांनी जाड ओला कागद शिशाच्या मोठ्या अक्षरांवर दाबून नेहमीचीच रोमन अक्षरं उठावदार केली होती. अंध मुलाने बोट फिरवून ए, बी, सी ओळखायचं. हेतू उत्तम होता. अंधांची लिपी वेगळी नको, डोळसांचीच हवी, म्हणजे दोघांत भिंत राहणार नाही. कागदावर हा विचार अगदी सुंदर दिसतो. आता डोळे मिटा आणि आपल्या देवनागरीत कल्पना करा. शिरोरेषा उठावाची, त्याखाली घ, ध, थ, म, भ, त्यात क्ष आणि त्र यांसारखी जोडाक्षरं, वरून वेलांट्या. बोटाने लावा बघू. अक्षर मोठं केल्याशिवाय कळत नाही, मोठं केलं की पानावर चार ओळीच बसतात आणि पुस्तक उचलायला माणूस लागतो. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हे लिहिता येत नाही. शिशाचे खिळे आणि छापखाना मुलांच्या खिशात कुठून येणार? म्हणजे दुसऱ्याने दिलेलं वाचायचं, स्वतःचं काही मांडायचं नाही.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये नावाचे तोफखान्यातले निवृत्त अधिकारी आपली एक पद्धत घेऊन संस्थेत आले. अंधारात सैनिकांना हुकूम वाचता यावेत म्हणून ती निघाली, असं बहुतेक पुस्तकांत असतं. मला ती गोष्ट फारशी भरवशाची वाटत नाही. शाळेत न गेलेल्यांनाही झटकन येईल असं सोपं लेखन शोधायचा त्यांना छंद होता, हे जास्त पटतं. त्यांची पद्धत टिंबांची होती. एका घरात दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत सहापर्यंत टिंबं, आणि त्यांतून ३६ ध्वनी. टिंब बोटाला रेषेपेक्षा लवकर कळतं, हा मोठा शोध बार्बियेंचाच. तो त्यांच्याकडून काढून घेऊ नये. लुईनेही तो कधी काढून घेतला नाही. पुढं स्वतःचं पुस्तक आलं तेव्हा त्याने बार्बियेंचं ऋण त्यात मांडलं.

पण १२ वर्षांच्या या मुलाला त्यातल्या खोडीही कळल्या. १२ टिंबांचं घर बोटाच्या पेरात मावत नाही, बोट खालीवर फिरवावं लागतं. ध्वनी लिहिले जातात, शुद्धलेखन नाही. विरामचिन्हं नाहीत, अंक नाहीत, स्वरलिपी नाही. त्याने सुधारणा सुचवल्या. बार्बियेंना त्या रुचल्या नाहीत असं सांगतात. मला यात बार्बियेंचा फार राग येत नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या पैशाने अंधांसाठी धडपडणारा, आणि शाळकरी पोर त्याला सांगतंय की हे असं चालणार नाही. पण पोराचं म्हणणं बरोबर होतं. ज्याच्या बोटाखाली ते रोज येणार होतं, त्याला ते कळत होतं. मदत करणाऱ्याला कळत नव्हतं, इतका साधा फरक.

पुढची तीन वर्षं लुई रात्री, सुट्टीत, कूव्रेला घरी गेल्यावर कागद टोचत बसला. १८२४ मध्ये त्याची मांडणी जमली. उभी तीन, आडवी दोन, अशी फक्त सहा टिंबं. एका बोटाच्या टोकाखाली पूर्ण अक्षर येतं. सहा टिंबांच्या ६३ जुळण्या होतात. त्यांत अक्षरं बसली, विरामचिन्हं बसली, अंक बसले आणि पुढं संगीतही बसलं. शिवाय पाटी आणि टोचणी मिळाली की कुणीही लिहू शकतो. पाटीवर उजवीकडून डावीकडं उलटं टोचायचं, कागद पालटला की सुलटं वाचायचं. बघायला अवघड वाटतं. सवय झालेली मुलं आपल्यापेक्षा भराभर लिहितात.

आपल्या भागातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतातल्या भाषांसाठी जी भारती ब्रेल आहे, तिच्यात आवाज तोच तर टिंबं तीच. मराठी क म्हणजे टिंब एक आणि तीन. कन्नड क म्हणजेही टिंब एक आणि तीन. आपला ळ आणि कन्नड ळ, दोन्ही चार-पाच-सहा. बेळगावात पाट्यांवरच्या अक्षरांवरून किती वाद झाले, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कन्नड शाळेत शिकलेला अंध मुलगा मराठी पानावर बोट ठेवतो तेव्हा त्याला लिपी नवी शिकावी लागत नाही, भाषा तेवढी शिकावी लागते. आणखी एक मजा: पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. म्हणजे आपल्यापेक्षा तिथंच जास्त सरळ.

तर लिपी झाली. संस्थेतल्या मुलांनी ती लगेच उचलली. वर्गात टिपणं घेऊ लागले, एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागले, धुना उतरवू लागले. संचालक पिन्ये चांगला माणूस, त्याने मोकळीक दिली. १८२८ च्या सुमाराला लुई तिथंच साहाय्यक शिक्षक झाला, १८२९ मध्ये त्याचं पद्धतीवरचं पुस्तक निघालं, १८३३ मध्ये तो आणि गोतिये, कोल्ता हे मित्र पूर्ण शिक्षक झाले. तिघेही अंध, तिघेही याच शाळेतले. १८३७ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली. पॅरिसच्या चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवायचा. सॅं-निकोला-दे-शां इथं काही वर्षं त्याची नेमणूकच होती. ऑर्गनवादन हा तेव्हा अंध संगीतकारांना सन्मानाने मिळणारा रोजगार होता. दोन्ही हात आणि दोन्ही पाय वाद्यावर गुंतलेले असताना स्वरलिपी वाचता येत नाही, ती आधी वाचून पाठ करावी लागते, आणि त्यासाठी बोटाने वाचता येईल अशी स्वरलिपी हवी. म्हणून लुईने संगीताच्या चिन्हांवर एवढी मेहनत घेतली. बऱ्याच चरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकतात. पोटापाण्याचा प्रश्न होता तो.

एवढं सगळं होऊनही मान्यता नाही. अधिकृत पुस्तकं उठावदार रोमन अक्षरांतच. ब्रेल म्हणजे मुलांची आपापसातली सोय, इतकाच दर्जा.

१८४० मध्ये पिन्येला हटवून त्याचा दुय्यम अधिकारी आर्मां द्युफो संचालक झाला. द्युफोने इंग्लंड-अमेरिकेकडच्या धर्तीवर उठावाच्या अक्षरांचा नवा साचा आणला, जुनी पुस्तकं जाळली आणि ब्रेलवर बंदी घातली. पाट्या आणि टोचण्या काढून घेतल्या. लिहिताना सापडला तर शिक्षा.

द्युफोला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. मला ते करायचं नाही, कारण त्याचा युक्तिवाद आजही ऐकू येतो. अंधांनी स्वतःची वेगळी लिपी वापरली तर ते समाजापासून तुटतील, डोळस शिक्षकांना ती वाचता येणार नाही, पालकांना पत्र कळणार नाही. प्रत्येक वाक्यात मुलांचं हितच आहे. फक्त मुलांना विचारलेलं नाही. आणि एक गोष्ट तो बोलला नसेल, पण ती उघड आहे: ब्रेल चालू झाली तर अंध शिक्षक डोळस शिक्षकांइतकेच, काही ठिकाणी जास्तच, उपयोगी ठरणार होते. खुर्च्यांचाही प्रश्न होता.

मुलांनी काय केलं? मोर्चा नाही, निवेदन नाही. ती लिहीतच राहिली. टोचण्या गेल्या तर विणायच्या सुया, काटे, खिळे, जे टोकदार मिळेल ते घेतलं. मोठ्या मुलांनी लहानांना रात्री शिकवलं. अंधारात लिहायला त्यांना दिवा लागत नव्हता, ही एक बाजू पहारेकऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. लुई त्या वेळी तिथंच शिक्षक होता, पण क्षयाने खंगलेला. बरेच दिवस कूव्रेला विश्रांतीला असायचा. म्हणजे ही लढाई त्याने लढवली असं म्हणता येत नाही. ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत अशा बारा-चौदा वर्षांच्या पोरांनी ती लढवली. मला हे चरित्र आवडतं ते यासाठी. त्यात नायक मध्येच बाजूला होतो आणि काम अडत नाही.

द्युफोचा मदतनीस जोझेफ गादे हे सगळं बघत होता. तो डोळस, पण डोळे उघडे असलेला. मुलं बंदी असूनही हीच लिपी धरून बसलीत, तर त्यांना त्यात काहीतरी मिळत असणार, हे त्याने ओळखलं. त्याने द्युफोला वळवलं. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा गादेने जमलेल्या पाहुण्यांसमोर ब्रेल पद्धतीची माहिती वाचली आणि मुलांकडून प्रात्यक्षिक करून घेतलं. मजकूर सांगायचा, एकाने टोचून घ्यायचा, बाहेर थांबवलेल्या दुसऱ्याने येऊन वाचून दाखवायचा. आधी पाठ करून घेतलंय, असा संशय घ्यायला जागाच ठेवली नाही. लुई सभागृहात होता. वय ३५.

त्याच्या शेवटच्या वर्षांतलं एक काम मात्र आपण जवळजवळ विसरलोय. १८३९ मध्ये त्याने आणखी एक पद्धत काढली. तिच्यात टिंबांनी नेहमीच्या रोमन अक्षरांचेच आकार काढायचे, म्हणजे अंध मुलाने घरी लिहिलेलं पत्र आईबापाला वाचता येईल. म्हणजे द्युफोने ज्याची काळजी दाखवली, समाजापासून तुटण्याची, तिच्यावरचं उत्तरही अंध माणसानेच शोधलं होतं. शाळेतला दुसरा एक अंध माणूस, फूको, याने त्यासाठी यंत्र बनवलं. टाइपरायटर घराघरांत पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनी, लुई ब्रेल संस्थेतच वारला. लग्न केलं नव्हतं. मृत्यूची दखल पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी घेतली नाही. देह कूव्रेच्या दफनभूमीत गेला. १८५४ मध्ये फ्रान्सने लिपी स्वीकारली. १८७८ च्या पॅरिस परिषदेत तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. १९५२ मध्ये, शंभर वर्षांनी, त्याचे अवशेष मोठ्या समारंभाने पॅरिसच्या पॅंथिऑनमध्ये नेले. हेलन केलर त्या सोहळ्याला आल्या होत्या. हात मात्र कूव्रेच्या लोकांनी गावातच ठेवून घेतले.

आपल्याकडं ही टिंबं मिशनऱ्यांच्या शाळांतून आली. १८८७ मध्ये अमृतसरला, १९०० मध्ये मुंबईला. मुंबईची शाळा अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी काढली. गोंधळ असा झाला की जो शाळा काढेल तो आपली टिंबं ठरवू लागला. एका प्रांतात शिकलेल्याला दुसऱ्या प्रांतातलं पुस्तक लागेना. हा गुंता सुटायला १९५१ साल उजाडलं आणि भारती ब्रेल ठरली. त्या कामात दोन अंध माणसं होती, हे मी मुद्दाम सांगते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेले न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेंझी, आणि १९४७ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयात रुजू झालेले लाल अडवाणी. धोरण ज्या टेबलावर ठरतं, तिथं स्वतः ब्रेल वाचणारा माणूस बसलेला होता.

आता कायद्यातही ते आलंय. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. दिव्यांगांशी संबंधित कायदे आणि धोरणं करताना त्यांच्या संघटनांमार्फत त्यांच्याशी, मुलांशीसुद्धा, सल्लामसलत करावी, असं त्यात आहे. आपल्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, केंद्रात आणि राज्यांत सल्लागार मंडळांची तरतूद केली, आणि दिव्यांग मुलांना त्यांच्याविषयीच्या बाबींत मत मांडायचा हक्क दिला. चांगलंच आहे. पण हक्क कलमात असतो आणि परीक्षा वर्गात असते. मी लेखनिक म्हणून बसले तेव्हा एका पेपरात आकृती बघून उत्तर लिहायचं होतं, पर्यायी प्रश्न नव्हता. पर्यवेक्षकांनी सहानुभूती खूप दाखवली. ज्याचा पेपर होता त्याला सहानुभूती नको होती, पर्यायी प्रश्न हवा होता, आणि तो असा असावा हेही त्याला नेमकं माहीत होतं. लेखनिकाचे नियमसुद्धा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थ्याच्या अर्जावर बदलायला लावले. त्या मुलाला दृष्टिदोष नव्हता, हाताने लिहिताना त्रास व्हायचा. नियम करणाऱ्यांच्या यादीत तो बसतच नव्हता. न्यायालयाने त्याचं ऐकलं आणि नवी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगताना जनतेची, विशेषतः दिव्यांगांची, मतं घ्यावीत असंही बजावलं.

हा लेख छापायला देण्याआधी मी आमच्या मंडळातल्या एका अंध मित्राला पाठवला. त्याने तो फोनवर ऐकला आणि तीन गोष्टी कळवल्या. पहिली, जिथं मी अंधारमय आयुष्य असं लिहिलं होतं ते काढ. दुसरी, ऑर्गनचा भाग वाढव. या दोन्ही केल्या. तिसरी संपादक मंडळासाठी होती: अंक जुन्या फॉण्टमध्ये किंवा पानांचे फोटो करून टाकला तर त्याच्या फोनमधला आवाज एकही शब्द वाचू शकत नाही, तेव्हा या वेळी तो युनिकोडमध्येच टाका. शुक्रवारच्या बैठकीत हा विषय आहे. मांडायला तोच येणार आहे.